घरी बसून संशोधन करता येते का?

गेल्या वर्षी जून महिन्यात, शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नसेल, तेव्हा देहूरोडहून माझ्या जुन्या सरांचा फोन आला. सरांनी मला नववी-दहावीला विज्ञान शिकवले. जुन्या विद्यार्थ्यांची खबरबात ठेवण्याची त्यांची सवय अजून सुटलेली नाही. ते म्हणाले, "तुझ्याकडे एक मुलगी पाठवतो आहे. आपल्याच शाळेची. भौतिकशास्त्रात एम. एस्सी.चे पहिले वर्ष झाले आहे. वडील डेपोत आहेत. परदेशात पीएच. डी.साठी अर्ज करायचा म्हणते. पण तिकडे संशोधनाचा अनुभव मागतात, तो हिने आणायचा कुठून? घरी बसून संगणकावरसुद्धा असा अनुभव मिळतो म्हणे. खरे आहे का ते?"

मी म्हणाले, "सर, खरे आहे आणि खोटेही आहे. तिला रविवारी पाठवा."

मुलगी आली ती एक फाईल घेऊन. फाईलमध्ये तीन प्रमाणपत्रे होती. तिन्हींवर सोनेरी शिक्का, खाली दोन-दोन सह्या. एकासाठी तिने चार हजार रुपये भरले होते. सहा आठवडे चित्रफिती पाहायच्या, प्रत्येक आठवड्याच्या शेवटी पर्यायी उत्तरांची चाचणी द्यायची, की शेवटी 'संशोधन प्रशिक्षण पूर्ण' असे प्रमाणपत्र मिळायचे. मी विचारले, "या सहा आठवड्यांत तुझे काही चुकले का?" तिला प्रश्न कळला नाही. "नाही मॅडम, मला शंभरपैकी चौऱ्याण्णव मिळाले," ती म्हणाली.

तिचे काही चुकले नव्हते, म्हणजेच त्या सहा आठवड्यांत संशोधन झाले नव्हते. हे तिला सांगणे मला जड गेले, कारण चार हजार रुपये ही त्या घरात लहान रक्कम नव्हती.

परदेशी जाऊन डॉक्टरेट मिळवण्याची कल्पना देहूरोडला परकी मुळीच नाही. कोलंबिया विद्यापीठाचे आणि लंडनचे पदवीधर असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते २५ डिसेंबर १९५४ रोजी याच गावात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. ती हकिकत इथल्या मुलांनी आजी-आजोबांकडून ऐकलेली असते. गावात उणीव आहे ती वेगळी. लष्करी डेपो, कारखाने, पलीकडे तळवडे आणि चाकणची औद्योगिक वसाहत हे सगळे आहे. पण ज्या प्रयोगशाळेचे दार वाजवून 'मी काही मदत करू का?' असे विचारावे, अशी प्रयोगशाळा चालत जाण्याच्या अंतरावर नाही. लोकलने पुण्याला जाऊन-येऊन कॉलेज करणाऱ्या मुलीला संध्याकाळी कुठल्या संशोधन संस्थेत थांबता येत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांत हीच स्थिती आहे. म्हणून घरबसल्या संशोधनाचा प्रश्न टाळण्याजोगा नाही.

अर्जात पाहतात तरी काय?

अमेरिकेतील विज्ञानाच्या पीएच. डी.चे अर्ज साधारणपणे डिसेंबरच्या आसपास भरायचे असतात आणि अभ्यासक्रम पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतो. अर्जाबरोबर गुणपत्रके, आपण काय करू इच्छितो याचे एक-दोन पानी निवेदन आणि बहुधा तीन शिफारसपत्रे लागतात. जर्मनीसारख्या देशात रीत निराळी. तिथे पीएच. डी.च्या जागेची नोकरीसारखी जाहिरात निघते आणि सहसा आधी पदव्युत्तर पदवी लागते. रीत कोणतीही असो, निवड करणाऱ्यांना एकच गोष्ट ताडून पाहायची असते. ज्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेले नाही, अशा प्रश्नाशी हा विद्यार्थी चार-पाच वर्षे झुंजू शकेल का?

गुणपत्रकावरून हे कळत नाही. प्रमाणपत्रावरून तर नाहीच. हे कळते ते अशा माणसाच्या पत्रावरून, ज्याने त्या विद्यार्थ्याला अडलेले पाहिले आहे आणि अडल्यावर त्याने काय केले हेही पाहिले आहे. तेव्हा घरी बसून काम करायचे असेल, तर दोन गोष्टी लागतात. काम असे हवे, की ज्यात आपण खरोखर चुकू शकतो. आणि ती चूक पाहणारे कोणीतरी हवे. हे दोन्ही असेल तर तुम्ही देहूरोडला बसा नाहीतर देवळालीला.

देवळालीचे नाव सहज घेतले नाही. द. रा. कापरेकर हे तिथले शाळाशिक्षक. त्यांच्याजवळ ना प्रयोगशाळा होती, ना डॉक्टरेट. ६१७४ या संख्येचा गुणधर्म त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधून तो जगाला सांगितला. मधली २६ वर्षे कापरेकर वही-पेन्सिल घेऊन काम करतच होते. गणिताला उपकरण लागत नाही, हे खरे. बाकीच्या विज्ञानांचे काय? गेल्या पंचवीस वर्षांत तिथेही एक मोठा बदल झाला आहे. उपकरणे एका ठिकाणी असतात, पण त्यांनी घेतलेल्या नोंदी सर्वांना खुल्या होतात.

नऊ लाख दीर्घिका आणि एक आरसा

या बदलाचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे २००७ च्या जुलैत सुरू झालेला 'गॅलेक्सी झू' हा प्रकल्प. स्लोन सर्वेक्षणाच्या दुर्बिणीने सुमारे नऊ लाख दीर्घिकांची छायाचित्रे घेतली होती. यातली सर्पिल कोणती, लंबगोल कोणती, हे ठरवण्याच्या कामात त्या वेळी संगणकापेक्षा माणसाचा डोळा सरस होता. पण नऊ लाख चित्रे पाहायला डोळे आणायचे कुठून? शास्त्रज्ञांनी चित्रे सर्वांसाठी खुली केली. पहिल्या वर्षात दीड लाख लोकांनी मिळून पाच कोटी वेळा वर्गीकरण केले.

एकेक दीर्घिका अनेकांना दाखवली जात होती. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. समजा, प्रत्येक माणूस दहापैकी सात वेळा बरोबर उत्तर देतो. एकट्याची खात्री ७० टक्के. तिघांना विचारले आणि बहुमत घेतले तर ती सुमारे ७८ टक्के होते, पाच जणांना विचारले तर ८४ टक्के, एकवीस जणांना विचारले तर ९७ टक्क्यांच्या पुढे जाते. बारावीच्या द्विपद वितरणाने हे आकडे कोणीही काढू शकेल. सामान्य माणसे एकत्र आली की तज्ज्ञाच्या जवळ पोचतात, असा याचा अर्थ.

पण इथे एक अट लपलेली आहे. प्रत्येकाची चूक दुसऱ्याच्या चुकीपासून स्वतंत्र असली पाहिजे. सगळेच एकाच बाजूला चुकत असतील तर एकवीस काय, एकवीस हजार माणसे आणूनही उपयोग नाही.

आणि नेमके तेच घडले. सर्पिल दीर्घिकेचे बाहू घड्याळाच्या दिशेने वळलेले दिसतात की उलट, हाही एक प्रश्न होता. विश्वाला डावे-उजवे नाही, तेव्हा दोन्ही प्रकार सारखेच मिळायला हवेत. लोकांच्या उत्तरांत मात्र घड्याळाच्या उलट दिशेच्या दीर्घिका जास्त निघाल्या. ही विश्वाची रीत की पाहणाऱ्याची? शास्त्रज्ञांनी काही चित्रे आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी करून पुन्हा लोकांना दाखवली. विश्वच तसे असते, तर आता घड्याळाच्या दिशेच्या दीर्घिका जास्त निघायला हव्या होत्या. तसे झाले नाही. उलट दिशेच्याच पुन्हा जास्त निघाल्या. दोष माणसाच्या डोळ्यात होता.

हा प्रयोग वर्गात करण्याजोगा आहे. सर्पिल दीर्घिकांची वीस-पंचवीस चित्रे छापून घ्या. अर्ध्या वर्गाला मूळ चित्रे द्या, उरलेल्यांना तीच चित्रे आरसाप्रतिमा करून द्या. मात्र हे आधी सांगू नका. दोन्ही गटांचे आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी मांडा. एका गटाचे 'घड्याळाच्या दिशेने' आणि दुसऱ्याचे 'उलट' हे आकडे जुळायला हवेत. जुळले नाहीत तर मुलांना विचारा, कोणाचे चुकले? पुढचा पाऊण तास तुम्हाला बोलावे लागणार नाही.

या प्रकल्पात एका शिक्षिकेचेही नाव कायमचे कोरले गेले आहे. हॅनी व्हान आर्केल ही नेदरलँड्समधली शाळाशिक्षिका. २००७ च्या ऑगस्टमध्ये चित्रे पाहताना तिला एका दीर्घिकेखाली निळसर डाग दिसला. पर्यायांच्या यादीत असे काही नव्हते. तिने ते सोडून दिले नाही, हे काय आहे म्हणून विचारले. तो दीर्घिकेएवढा प्रचंड वायूचा ढग निघाला. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातून पूर्वी निघालेल्या प्रखर प्रकाशाने तो उजळला होता, आणि ते केंद्र आता मंदावले आहे. खूण करून पुढे जाणे ही मदत झाली. न बसणाऱ्या गोष्टीपाशी थांबून विचारणे, इथून संशोधन सुरू होते.

खोडदच्या थाळ्या

हे सगळे परदेशातले झाले. पण देहूरोडच्या मुलीला इतके लांब जाण्याचे कारण नाही. तळेगाव-चाकणवरून नाशिक रस्त्याला लागले की नारायणगावाजवळ खोडद येते. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. त्यातल्या १४ एका चौरस किलोमीटरच्या आसपास दाटीने, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. मीटरच्या घरातल्या तरंगलांबीचे रेडिओ तरंग टिपणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणींपैकी ही एक.

या दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झला जवळजवळ ९० टक्के आकाशाचे सर्वेक्षण केले. त्या नोंदींवर पुन्हा प्रक्रिया करून तयार केलेली यादी आणि नकाशे २०१६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. यादीत सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोत आहेत. चौकात उभ्या असलेल्या मुलाच्या मोबाईलवरही ती उतरवून घेता येते.

भारतात या खुल्या नोंदींवर घरबसल्या संशोधनाची रीतसर घडी बसवली ती 'रॅड ॲट होम' या उपक्रमाने. डॉ. आनंद होता यांनी तो २०१३ साली सुरू केला. विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या पदवीधरांना आधी शिकवायचे, मग तेच आकाशातील एकाच भागाची रेडिओ, अवरक्त आणि दृश्य प्रकाशातली चित्रे एकमेकांवर ठेवून वेगळे काही दिसते का ते शोधतात, आणि सर्वांसमोर त्याची चर्चा होते. कोणी चुकीचे बोलले तर तिथेच दुरुस्ती होते. या मंडळींच्या शोधांतून २०२२ मध्ये एका दीर्घिकेचा झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळून भूछत्रासारखा पसरल्याचे प्रसिद्ध झाले. २०२५ मध्ये तर एकमेकांना छेदणारी दोन रेडिओ वलये सापडली. त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे साडेसात अब्ज वर्षे लागली. दुसऱ्या शोधासाठी युरोपातील लोफार दुर्बिणीच्या नोंदी वापरल्या होत्या. नोंदी कुठल्या देशातल्या, याला आता महत्त्व उरलेले नाही.

माझ्याकडे आलेल्या मुलीला मी म्हणाले, "अशा उपक्रमात जा, पण त्याआधी तीन महिने एक लहान काम कर. त्यात नवीन काही निघणार नाही. पण तुला काय येते आणि काय येत नाही, ते कळेल."

एका मुलीची चूक

काम असे होते. दूरच्या दीर्घिकांच्या केंद्रांतून निघणाऱ्या झोतांत प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरतात आणि रेडिओ तरंग सोडतात. या तरंगांची तीव्रता कमी वारंवारतेला जास्त आणि वाढत्या वारंवारतेला कमी असते. किती वेगाने कमी होते, हे सांगणाऱ्या आकड्याला वर्णपट निर्देशांक म्हणतात. दोन वारंवारतांना मोजलेल्या तीव्रतांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिथम भागिले त्या वारंवारतांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिथम, एवढेच त्याचे सूत्र. उणे चिन्ह सोडून दिले तर बहुतेक स्रोतांसाठी तो ०.७ ते ०.८ च्या आसपास येतो.

आपल्याकडे १५० मेगाहर्ट्झची खोडदची यादी आहे. अमेरिकेतील व्हीएलए दुर्बिणीने केलेल्या १४०० मेगाहर्ट्झच्या सर्वेक्षणाची यादीही खुली आहे. तिच्यात सुमारे १८ लाख स्रोत आहेत. दोन्ही याद्यांतला एकच स्रोत शोधायचा आणि निर्देशांक काढायचा. समजा, एखाद्या स्रोताची तीव्रता १५० ला १००० एकक आहे आणि १४०० ला १८७. गुणोत्तर ५.३५, वारंवारतांचे गुणोत्तर ९.३३, निर्देशांक जेमतेम ०.७५. अकरावीच्या मुलाला जमेल इतके सोपे!

तिने आकाशाचा १०० चौरस अंशांचा तुकडा घेतला. खोडदच्या यादीत सरासरी एवढ्या जागेत सोळा-सतराशे स्रोत असतात. भावाच्या जुन्या लॅपटॉपवर, फुकट मिळणाऱ्या प्रणालीने तिने याद्या जुळवल्या. ऑगस्टच्या एका रविवारी तिचा फोन आला. आवाज चढलेला. "मॅडम, पुष्कळ स्रोत वेगळेच निघाले! निर्देशांक ०.४ च्या जवळ. हे कोणी पाहिलेच नसेल!"

मी उत्तर दिले नाही. खरे म्हणजे जिभेवर आले होते, पण गिळले. एवढेच म्हणाले, की त्यातले दहा स्रोत घे, दोन्ही सर्वेक्षणांतली त्यांची चित्रे उघड आणि नुसती पाहत बस.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला तेव्हा आवाज खाली होता. तिने स्वतःच शोधून काढले होते. खोडदच्या सर्वेक्षणाची विभेदनक्षमता २५ विकला, म्हणजे दोन सेंटिमीटरचे नाणे सुमारे १६५ मीटरवरून जेवढे दिसेल तेवढी. अमेरिकन सर्वेक्षणाची ४५ विकला, म्हणजे नजर अधिक धूसर. रेडिओ दीर्घिकेच्या दोन बाजूंना झोतांनी फुगवलेले दोन ढग असतात. खोडदच्या यादीत ते दोन वेगळे स्रोत म्हणून नोंदले गेले होते, तर अमेरिकन यादीत एकच. तिच्या प्रणालीने त्या एका स्रोताला दोन ढगांपैकी जवळचा एकच जोडला होता. मग १५० ला १००० ऐवजी ५०० एकक हिशेबात आले, आणि ०.७५ चा निर्देशांक ०.४४ झाला. स्रोत नेहमीसारखाच होता, तिने अर्धाच मोजला होता.

मग तिने काय केले, ते ऐकण्यासारखे आहे. तिने ते स्रोत यादीतून काढून टाकले नाहीत. जवळपास दुसरा जोडीदार आहे का हे तपासण्याची पायरी तिने प्रणालीत घातली, आधीचे आणि नंतरचे आलेख शेजारी ठेवले, आणि सहा पानांचे टिपण लिहिले. याच दोन सर्वेक्षणांवरून संपूर्ण निर्देशांकाचा नकाशा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे, हेही तिने शोधून काढले आणि आपले आकडे त्याच्याशी ताडून पाहिले. नवीन काहीच निघाले नाही. पण डिसेंबरात अर्ज भरताना तिच्या निवेदनात त्या तीन प्रमाणपत्रांचा उल्लेख नव्हता. दोन परिच्छेद होते ते या चुकीवर.

माझ्या पत्रातही मी तेच लिहिले. शिफारसपत्रे मी लिहिते तशी वाचतेही. आपल्याकडून येणाऱ्या पत्रांपैकी बहुतेकांत विद्यार्थी हुशार, मेहनती, नम्र आणि वक्तशीर असतो. दहा पत्रे वाचून झाली की दहा विद्यार्थी एकसारखे दिसू लागतात. शाळेतल्या शिक्षकांनाही विज्ञान शिबिरांसाठी, शिष्यवृत्त्यांसाठी पत्रे द्यावी लागतात, म्हणून सांगते, विशेषणे कमी करून एक प्रसंग लिहावा. प्रयोग फसला तेव्हा ही मुलगी घरी गेली की थांबली? थांबली असेल तर पुढे काय केले? पाच ओळी पुरतात. आणि असा प्रसंग आठवतच नसेल, तर तसे विद्यार्थ्याला सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे.

आकाश नको असेल तर

जीवशास्त्र, रसायनशास्त्राच्या मुलांनी निराश होऊ नये. परीक्षानळी घरी आणता येत नाही, पण नोंदी आणता येतात. सीएसआयआरने २००८ मध्ये क्षयरोगाच्या औषधांसाठी खुल्या संशोधनाची मोहीम सुरू केली. २०१० च्या सुमारास तिच्यात देशभरातले शेकडो विद्यार्थी आपापल्या गावांतून सामील झाले आणि क्षयजंतूच्या सुमारे ४००० जनुकांबद्दल विखुरलेली माहिती वाचून, तपासून, एकत्र बांधली. त्यावरचा शोधनिबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्ष्यांचे पाहायचे तर २०२३ चा देशव्यापी पक्षी-अहवाल ३० हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदींतून तयार झाला. घोरावडेश्वराच्या डोंगरावर रोज सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी चौघांनी नियमाने नोंदी ठेवल्या, तर ती भर याच साठ्यात पडेल.

फुकट काम करावे का?

हा प्रश्न सरांनी विचारला नव्हता, मुलीच्या आईने विचारला. ती म्हणाली, "शिकवण्या घेतल्या तर महिन्याला काही तरी येते. हे फुकटचे किती दिवस करायचे?" मला हा प्रश्न योग्य वाटतो. बिनमोबदला काम करणे ज्यांना परवडते त्यांनाच अनुभव मिळणार असेल, तर ती परीक्षा बुद्धीची राहत नाही, घरच्या सुबत्तेची होते.

म्हणून क्रम लक्षात ठेवावा. आधी विद्यावेतन देणाऱ्या जागांसाठी अर्ज करावा. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्त्या देतात, आणि शिक्षकांनाही त्या मिळतात, हे पुष्कळ शिक्षकांना ठाऊक नसते. पुण्यातच आयुका आणि एनसीआरए या संस्थांचे सुट्टीतले विद्यार्थी-कार्यक्रम असतात. तिथे जमले नाही, किंवा तिथे पोचण्याची तयारी म्हणून, घरचे काम. तेही आठवड्याला सहा-आठ तासांपेक्षा अधिक नको आणि त्याला शेवटची तारीख हवी. काम स्वीकारण्यापूर्वी विचारून घ्यावे, की माझे काम कोण तपासणार, ते छापले गेले तर माझे नाव येणार का, मी लिहिलेली प्रणाली माझ्याजवळ राहणार का. यांची उत्तरे गुळमुळीत आली तर नमस्कार करून बाजूला व्हावे. आणि काम करण्यासाठी कोणी आपल्याकडूनच पैसे मागत असेल, तर ते शिकवणी विकत आहेत असे समजावे. शिकवणी घेण्यात गैर नाही, तिला संशोधन म्हणू नये इतकेच.

एखाद्या शास्त्रज्ञाला थेट पत्र लिहायचे झाले तर? मला अशी पत्रे पुष्कळ येतात. 'आदरणीय महोदय' असा मायना असतो (मी बाई आहे), माझे काम फार प्रेरणादायी असल्याचे लिहिलेले असते, आणि कोणते काम ते लिहिलेले नसते. असे पत्र शंभर जणांना गेले आहे हे लगेच कळते. १९१३ साली मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाने केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले. हार्डींनी ते बाजूला टाकले नाही, याचे कारण सोबत जोडलेली प्रमेयांची पाने होती. आपण सगळे रामानुजन नाही, पण पत्रासोबत केलेले काहीतरी जोडणे आपल्याही हातात आहे. त्या शास्त्रज्ञाचा एक शोधनिबंध वाचावा. त्यातल्या नोंदी खुल्या असतील तर त्यातला एक आलेख स्वतः काढून पाहावा. जुळला तर तसे लिहावे. जुळला नाही तर अधिक चांगले, कुठे जुळत नाही ते लिहावे. अशा पत्राला मी तरी रात्री अकरा वाजता का होईना, उत्तर देते.

त्या मुलीने पाच विद्यापीठांना अर्ज केले. आणखी करायचे होते, पण प्रत्येक अर्जाचे शुल्क बरेच असते. दोन ठिकाणी शुल्कमाफी मागितली, एका ठिकाणी मिळाली. सध्या ती वाट पाहते आहे, आणि रविवारी सकाळी सरांच्या वर्गात जाऊन मुलांना आरशाचा प्रयोग करून दाखवते आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदची दुर्बीण सर्वांना पाहण्यासाठी खुली असते आणि तिथे शाळांचे विज्ञान प्रदर्शनही भरते. सरांनी नववीच्या वर्गासाठी गाडी ठरवली आहे. पहाटे साडेपाचला निघायचे, चाकणला गर्दी सुरू होण्याच्या आत.